पहाटेची वही

कापणीच्या सणाचा दिवस होता. बाजरी घरात आली होती, सोयाबीनचे पैसे हातात होते, मंडळी खुशीत होती. देवळापुढच्या मांडवात अडीचशे माणसं उभी आणि मी डोळे मिटून उपकारस्तुतीची प्रार्थना करत होतो. पावसाबद्दल आभार मानले, पिकाबद्दल मानले, आजाऱ्यांची, विधवांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची आठवण केली. शब्द बिनचूक येत होते. वीस वर्षांची सवय. आणि त्या शब्दांच्या मागे अगदी स्वच्छ आवाजात दुसरंच काही चाललं होतं: मांडववाल्यानं १४ हजार सांगितले, त्यात खुर्च्या धरल्या की नाही? जनरेटरचं डिझेल कोण आणणार होतं? रस्सा दोन पातेली पुरेल का?

आमेन झालं. एक मावशी पदरानं डोळे पुसत पुढे आल्या. "पाळकसाहेब, आज प्रार्थनेनं अगदी भरून आलं." मी "प्रभूची कृपा" म्हणालो आणि मांडववाल्याला शोधायला गेलो.

त्या दिवशी मला त्याचं काहीही वाटलं नाही. हा लेख लिहायला बसलो आहे तो त्यामुळेच.

मी नगर जिल्ह्यातला पाळक. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात, आमच्या तोंडी अजून नगरच आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. त्यामुळे इकडे जुनी देवळं आहेत, मिशन कंपाउंडं आहेत आणि काही तितकीच जुनी भांडणंही आहेत. माझ्याकडे तालुक्याच्या गावची मोठी मंडळी आणि आसपासच्या सात खेड्यांतल्या लहान मंडळ्या. कुठे देऊळ आहे, कुठे समाजमंदिर, कुठे कुणाच्या पडवीत अंथरलेली सतरंजी. माझ्याजवळ एक मोटारसायकल आणि एक पिशवी. पिशवीत पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत', प्रभुभोजनाच्या पेल्यांचा डबा आणि पावतीपुस्तक. यातलं पावतीपुस्तक सगळ्यांत लवकर संपतं.

बाहेरच्यांना वाटतं, पाळकाला रविवारचा एक उपदेश केला की आठवडा मोकळा. आठवडा कसा जातो ते सांगतो. शाळेला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, म्हणून कसर लागलेलं जुनं रजिस्टर पान न फाटू देता उलटायचं. दफनभूमीच्या हद्दीला लागून कुणीतरी टपरी टाकलेली असते, तिच्यासाठी तलाठ्याकडे खेटे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यायचा; त्याला आमच्याकडे सगळे 'चेंज रिपोर्ट'च म्हणतात, आणि तो दिला की दुसरा गट हरकत घेतो. मग तारीख. तारखेला गेलं की पुढची तारीख. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना, तिथून निघालो की वाढदिवसाची प्रार्थना, आणि वाढदिवसाला साहेब आल्याशिवाय केक कापायचा नाही.

लग्नाची गंमत तर वेगळीच. आमची लग्नं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लागतात. विशेष परवाना नसेल तर लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच लागलं पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. कायदा करणाऱ्यांनी डीजे पाहिला नव्हता. वरात चौकात अडकलेली, नवरदेवाच्या मामांना अजून एक गाणं हवं असतं, आणि मी झगा घालून देवळाच्या दारात घड्याळ बघत उभा. साडेसहा. पावणेसात. शेवटी घामाघूम जोडपं समोर येऊन उभं राहतं. त्यांच्याकडून आयुष्यभराची वचनं घ्यायची, आणि माझं लक्ष मिनिटकाट्यावर.

यातलं एकही काम टाकण्यासारखं नाही. दाखला मिळाला नाही तर पोराचा प्रवेश अडतो. हद्द राखली नाही तर उद्या माणसं पुरायची कुठे? हाच तर घोटाळा होता. मी दुपारी पारावर पत्ते कुटत बसलो असतो, तर दुसऱ्या दिवशी मंडळीच्या पंचांनी मला बोलावून घेतलं असतं. पण मी देवाच्याच कामाला पळत होतो. देवाच्या कामाला पळता पळता देवापासून लांब गेलो, तर कान धरणार कोण? उलट "साहेब फार राबतात" असं म्हणून मंडळी शाल घालते. वर्धापनदिनाच्या अशा चार शाली माझ्या घरी आहेत.

ओढ कधी कमी झाली, ते मला सांगता येणार नाही. पायरीपायरीनं झालं. पूर्वी पहाटे साडेचारला उठून मी शास्त्र वाचायचो, गुडघ्यावर जायचो. मग हातात मोबाइल आला. मंडळीचा ग्रुप, पंचांचा ग्रुप, तरुण संघाचा, महिला मंडळाचा. रोज सकाळी साडेपाचला चारही ग्रुपवर 'आजचं वचन' टाकायचा नेम मीच सुरू केला. वचनामागे उगवत्या सूर्याचं चित्र. खाली हात जोडल्याची खूण करून चाळीस-पन्नास माणसं आमेन म्हणायची. काही महिन्यांनी लक्षात आलं की वचन ज्या अध्यायातलं असतं, तो अध्याय मी वाचलेलाच नसतो. वचनाचं चित्र दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं, मी पुढे ढकललेलं. पोस्टमननं पाकीट न फोडता पोहोचवावं तसं.

शास्त्र वाचत नव्हतो असं नाही. वाचायचो, पण उघडलं की मला मुद्दे दिसायचे. हरवलेल्या मेंढराची गोष्ट घ्या. मुद्दा पहिला, मेंढरू हरवलं. मुद्दा दुसरा, मेंढपाळ शोधायला निघाला. मुद्दा तिसरा, आनंद झाला. कुठे उदाहरण टाकायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं वाचता वाचता ठरून जायचं. त्या गोष्टीत आपण कोण, हा प्रश्नच पडायचा नाही. मी आपोआप मेंढपाळाच्या जागी उभा राहायचो. हुद्दाच पाळकाचा.

मग एका उन्हाळ्यात आठ दिवसांत तीन मयती झाल्या.

तिसरी मयत दुपारी दोनची होती. मी सकाळी तारखेला जाऊन आलेलो, जेवण झालेलं नाही, आणि चारला एका खेड्यात साखरपुडा होता. दफनभूमीत पेटी खाली उतरली. मी शास्त्रात ठेवलेली चिठ्ठी काढली आणि धीरगंभीर आवाजात वाचायला लागलो, आपला प्रिय बंधू अमुक अमुक. कुणी काही बोललं नाही. पण गर्दीत असते तशी चुळबुळ एकदम थांबली. मग मातीच्या ढिगाशी उभा असलेला, पंचविशीतला मुलगा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पाळकसाहेब, बाबांचं नाव ते नाही." जणू दुःख माझ्यावरच कोसळलं होतं आणि त्यानं मला सावरायचं होतं, असा त्याचा आवाज.

चिठ्ठी आदल्या आठवड्याच्या मयतीची होती.

मी माफी मागितली, नाव दुरुस्त केलं, विधी पूर्ण केला. लोकांनी समजून घेतलं. उन्हाचा त्रास, दगदग, साहेब उपाशी होते. ही सगळी कारणं मंडळीनंच मला पुरवली. पण त्या माणसाला मी बारा वर्षं ओळखत होतो. त्याच्या घरी चहा प्यालो होतो. आजारपणात त्याच्या उशाशी बसून प्रार्थनाही केली होती, आणि ती करताना माझं मन कुठे होतं, ते देवालाच ठाऊक. नाव चुकलं ते दफनभूमीत, माणूस मात्र माझ्या हातून त्याच्या कितीतरी आधी निसटला होता.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, "हे सगळं सोडावं म्हणतो. टिळकांसारखं."

नगरकडच्या ख्रिस्ती घरात टिळक म्हटलं की नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे नगरला राहून त्यांनी मिशनचं काम केलं, 'ज्ञानोदया'साठी लिहिलं, आणि आमची उपासना ज्यांच्यावाचून उभी राहत नाही अशी कितीतरी गीतं दिली. १९१७ मध्ये मात्र ते मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. पगार नको, मिशनची चौकट नको, फक्त ख्रिस्त आणि त्याच्याभोवती जमलेली माणसं. आमच्या पाळकांत कुणाचं पंचांशी बिनसलं की त्याला हमखास दरबार आठवतो.

बायको भांडी पुसत होती. म्हणाली, "टिळक दरबारात गेले तेव्हा घर लक्ष्मीबाईंनी सांभाळलं. मला 'स्मृतिचित्रे' लिहिता येणार नाहीत, आधीच सांगते."

हसू आलं, पण बोचलंही. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. दरबार काढल्यावर दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले. ते काव्य पुढे पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. जिच्या वाट्याला आयुष्यभर चूल, पाहुणे, पैशांची ओढाताण आणि नवऱ्याचा लहरी दानधर्म आला, तिनं. म्हणजे संसारातून उठून गेलं तरच देव हाती लागतो, असं काही या घराण्याच्या गोष्टीतूनही निघत नाही. मग माझ्याकडे सबब कोणती उरली?

दुसऱ्या दिवशी एका खेड्यातल्या आजींना प्रभुभोजन द्यायचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पत्र्याच्या खोलीत एकट्या. मुलगा ऊसतोडीला गेला की सहा महिने येत नाही. मी गेलो, पिशवी ठेवली, नेहमीप्रमाणे म्हणालो, "आजी, प्रार्थना करू या."

आजी म्हणाल्या, "सायेब, आज तुमी नका करू. म्या करते. तुमचा आवाज लई दमल्यावानी येतोय."

मी बाजेवर बसलो. आजींची प्रार्थना म्हणजे शेजारणीशी बोलावं तसं. देवाला त्यांनी शेळीचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, पत्रा गळतोय ते सांगितलं. मग म्हणाल्या, हे आमचे सायेब आलेत, यांना कुणी इचारीत नाही, समदे यांनाच इचारत्यात, तर तू जरा यांच्याकडं बघ. पुढचं मला आठवत नाही. मी बसल्या बसल्या झोपलो होतो.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. कुणीतरी अंगावर गोधडी टाकलेली, पंखा माझ्याकडे फिरवलेला. आजी चुलीपाशी चाचपडत भाकरी भाजत होत्या. ताटात भाकरी, ठेचा आणि वाटीभर पिठलं. पाच तासांत मोबाइलवर बावीस फोन येऊन गेले होते. मी आधी जेवलो.

एलीयावर मी अनेकदा बोललो आहे. कर्मेल डोंगरावर त्यानं एवढा मोठा विजय मिळवला आणि त्यानंतर लगेच रानात पळून जाऊन एका झुडपाखाली मरण मागत पडला. उपदेशात मी नेहमी घाई करून होरेब डोंगरावर पोहोचायचो, कारण तिथं वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती मंद वाणी. बोलायला भरपूर. पण देवानं त्या दमलेल्या माणसाला आधी झोपू दिलं. मग निखाऱ्यावरची भाकर दिली. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांच्या चालीनंतर. वीस वर्षं मी या भाकरीवरून उडी मारून पुढे जात होतो. त्या दिवशी पिठल्यात भाकरी बुडवताना ती गोष्ट पहिल्यांदा माझ्यापाशी थांबली, आणि मला मुद्दे सुचले नाहीत.

निघताना प्रभुभोजन झालं. भाकर मी मोडली. पण त्या घरात त्या दिवशी पाळक कोण होतं, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही.

पुढे मी पहाटे एक वही लिहायला लागलो. तिची कल्पना केडगावहून आली. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. महिला मंडळाची सहल घेऊन गेलो होतो. बायका फोटो काढत होत्या, आणि मी रमाबाईंच्या शास्त्राच्या भाषांतराचा विचार करत उभा होतो. १८९६-९७ च्या दुष्काळापासून त्यांनी आणलेल्या मुली आणि बायका, पुढे शेकड्यांनी वाढत गेलेल्या. त्यांचं जेवण, आजार, शाळा, शेती, विणकाम, छापखाना. माझी सात खेडी त्यापुढे काहीच नाहीत. एवढ्या रगाड्यात या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणत बसल्या होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालेलं होतं.

एवढ्या कामात त्यांना भाषांतराला वेळ कसा मिळाला, असं आपण विचारतो. मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला हवा. ते भाषांतर नसतं तर बाकीचं काम त्यांना कसं झेपलं असतं? एक शब्द मराठीत नेमका कसा यावा म्हणून रोज त्यावर थांबायचं. थांबल्याशिवाय भाषांतर होत नाही. अनाथाश्रमाची घंटा वाजते, कोठीतलं धान्य संपतं, आणि बाई एका शब्दापाशी थांबलेल्या.

मला हिब्रू येत नाही, ग्रीक सेमिनरीत शिकलो ते तिथंच राहिलं. पण उतरवून घेता येतं. परतताना एसटी स्टँडवर दोनशे पानी वही घेतली आणि दुसऱ्या पहाटे मार्कचं शुभवर्तमान हातानं लिहायला घेतलं. मार्कच का? चारांत लहान म्हणून. १६ अध्याय, ६७८ वचनं. नियम एकच: या वहीतलं काही उपदेशाला वापरायचं नाही.

हातानं लिहिताना एक गोष्ट होते. डोळ्यांना घाई करता येते, हाताला येत नाही. डोळा वचनाच्या शेवटी पोहोचलेला असतो आणि हात अजून पहिल्या कान्यावर. पहिल्याच अध्यायात मला हिसका बसला. येशू शब्बाथाच्या संध्याकाळी कफर्णहूमात दारापाशी जमलेल्या आजाऱ्यांना बरं करतो, आणि पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. हे ठाऊक होतं, यावर बोललेलो होतो. पण पुढचं वचन लिहिताना पेन थांबलं. शिमोन आणि बाकीचे त्याच्या मागावर निघतात, त्याला गाठतात आणि सांगतात की सगळी माणसं तुला शोधताहेत. पंचांचा फोन! मी हे नेहमी कौतुक म्हणून वाचलं होतं. आणि येशू काय करतो? परत जात नाही. आपण दुसरीकडे, आसपासच्या गावांत जाऊ, म्हणतो. कफर्णहूमात अजून आजारी उरले नसतील का? असतीलच. ज्यानं बोलावलं त्याच्याशी बोलून आल्यामुळे, कुणाच्या बोलावण्याला जायचं आणि कुणाच्या नाही, हे त्याला ठरवता येत होतं. मला येत नव्हतं. मला सगळीच बोलावणी सारख्या आवाजाची वाटायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडेल त्याच्याकडे मी जायचो.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पहाटे साडेचार ते साडेसहा मी मोबाइल बंद करून डाळीच्या डब्यात ठेवायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात एका घरी पहाटे पाचला माणूस गेला. घरच्यांनी अकरा वेळा फोन लावला. मी सातला पोहोचलो तेव्हा त्या घरच्या थोरल्या भावानं मला ओट्यावरच विचारलं, "साहेब, प्रार्थना करत होता म्हणे. मग आमच्या घरची कधी करणार?" उत्तर नव्हतं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं आणि माझंही पहाट राखणं चुकलं नव्हतं. आता मोबाइल डब्यात असतो, पण बायकोचा नंबर सेक्रेटरींकडे आणि सातही खेड्यांत एकेकाकडे दिला आहे. मयत आणि दवाखाना, एवढ्यासाठीच. पहिल्या महिन्यात त्यावर दोन फोन केकचे आले. बायकोनं ते कसे परतवले, मला माहीत नाही. पुन्हा आले नाहीत.

'आजचं वचन' बंद केलं. फार ओरड झाली. एका काकांनी विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

खटल्याची तारीख आता पंचांपैकी दोघे बघतात. सणाला आलेल्या अर्पणांचा लिलाव खजिनदारांच्या गळ्यात घातला, आणि ते तो माझ्यापेक्षा कितीतरी रंगतदार करतात. गेल्या वर्षी एक गावरान अंडं त्यांनी सहा वेळा विकलं. घेणारा पैसे भरून अंडं पुन्हा देवाला अर्पण करायचा, की पुन्हा बोली. मी असतो तर दुसऱ्या फेरीला आटोपतं घेतलं असतं.

महिन्यातून एक रविवार मी मागच्या बाकावर बसतो आणि मंडळीतलं कुणीतरी वचन सांगतं. यावर पंचांच्या बैठकीत विषय निघाला. "साहेब, मग पगार कशाचा?" असं सरळ विचारलं गेलं. मी म्हणालो, तीन रविवारांचा. एकाचा कापा हवा तर. कापला नाही, पण विषय अजून मिटलेलाही नाही. मागच्या बाकावरून उपासना वेगळी दिसते. तिथं लहान मुलं रडतात, म्हातारे खोकतात, उशिरा आलेले चप्पल कुठे काढावी म्हणून घुटमळतात. मी ज्यांना बारा-पंधरा वर्षं वचन सांगत होतो, ते एवढ्या गलबल्यात देवाचं ऐकत होते. मला मात्र शांतता हवी होती म्हणे.

आणि मोटारसायकल. दोन खेड्यांमधल्या रस्त्यावर मी आता नावं घेतो. पुढच्या गावात जी घरं आहेत, त्यांतली माणसं एकेक आठवून, मोठ्यानं. दफनभूमीतल्या त्या दुपारनंतर नावांची मला धास्ती बसली आहे, आणि ती बसली ते बरं झालं. ही डोळे उघडे ठेवून करायची प्रार्थना आहे. उसाचा हंगाम असला की दुहेरी ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर समोरून येतात, तेव्हा ती जरा जास्तच कळकळीची होते.

मार्थेबद्दलही मला माझं म्हणणं बदलावं लागलं. बेथानीची मार्था स्वयंपाकात गुंतलेली, मरीया प्रभूच्या पायांशी बसलेली. महिला मंडळाच्या वार्षिक दिनाला यावर हमखास उपदेश, आणि तो मी करायचो तेव्हा निम्म्या बायका मांडवामागे अडीचशे माणसांचा रस्सा ढवळत असायच्या. गेल्या खेपेला त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "साहेब, त्या दिवशी येशू जेवला का नाही शेवटी?" शास्त्रात ते लिहिलेलं नाही. पण एवढं आहे की प्रभू मार्थेला चूल विझव म्हणत नाही. तिचा जीव फार गोष्टींत अडकला आहे, तेवढं तो तिला सांगतो, आणि तेही तिचं नाव दोनदा घेऊन. वीस वर्षं मी तिला रागावणाऱ्या प्रभूचा आवाज काढत होतो. आता वाटतं, दोनदा नाव घेणारा माणूस रागावलेला नसतो. मुलगं तापानं फणफणलेलं असताना आई त्याला अशी हाक मारते.

यंदाच्या कापणीच्या सणालाही प्रार्थना मीच केली. मांडववाला याही वर्षी मनात आला. त्यानं दर वाढवला आहे. मन भरकटणं थांबलेलं नाही, थांबेल असं मला वाटतही नाही. फरक एवढाच की भरकटलो आहे हे आता आमेनच्या आधी कळतं, आणि मी तिथंच दोन क्षण गप्प राहतो. लोकांना वाटतं, साहेब शब्द शोधताहेत.

माझ्यासारख्या कामात असलेल्यांना, मग ते पाळक असोत, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स असोत, संडे स्कूलच्या बाई असोत की देवळाचे खजिनदार, मला एकच विचारायचं आहे. तुमच्यासाठी, तुमचं नाव घेऊन, शेवटची प्रार्थना कुणी कधी केली? आठवत नसेल तर एखाद्या आजीच्या बाजेवर जाऊन बसा. पिशवी बाहेर ठेवा.

आमच्या आजी गेल्या पावसाळ्यात वारल्या. मयतीला मी चिठ्ठी नेली नव्हती.

वही सुरू करून दीड वर्ष झालं. मी मार्कच्या नवव्या अध्यायात आहे. काल तीन वचनं झाली. आज एकही झालं नाही; पहाटे बायकोचा फोन वाजला.